२६ जानेवारीची पदकांची यादी रँक बघून कशी वाचायची

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला सैन्याच्या पदकांची यादी आली की माजी सैनिकांच्या ग्रुपवर दरवर्षी तेच सुरू होतं, सगळं साहेब लोकांना, जवानाला काय तर टाळ्या. यातलं निम्मं खरंय आणि निम्मं नाही. मी इन्फंट्रीत क्लार्क होतो, शिफारशींचे कागद टाईप करण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून सांगतो की यादी नुसती चाळून भडकू नका. पीआयबीची (सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाची) पीडीएफ उघडा, पेन घ्या आणि बसा.

पहिलं काम म्हणजे यादीचे दोन भाग करा. एकात शौर्य पदकं, म्हणजे परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र आणि शांतताकाळातली अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. दुसऱ्यात सेवेची पदकं, परम विशिष्ट, अति विशिष्ट, विशिष्ट सेवा पदक वगैरे. सेना मेडल मात्र दोन्हीकडे असतं राव, शौर्यासाठीही देतात आणि कामगिरीसाठीही, त्यामुळे त्याच्यापुढे कंसात काय लिहिलंय ते बघूनच कुठल्या भागात टाकायचं ते ठरवा. ही वाटणी न करता एकूण आकडा मोजला की सगळा हिशोब गंडतो, आणि ग्रुपवरचे नव्वद टक्के लोक तेच करतात.

आता शौर्याच्या भागात रँक मोजा. नमुना म्हणून परमवीर चक्रच घ्या, आत्तापर्यंत २१ जणांना मिळालंय. त्यात १२ ऑफिसर, २ जेसीओ, म्हणजे ऑफिसर आणि जवान यांच्या मधले (सुभेदार जोगिंदर सिंग आणि नायब सुभेदार बाना सिंग) आणि ७ जवान-एनसीओ (नाईक, हवालदार वगैरे). बटालियनमध्ये सातआठशे माणसांमागे ऑफिसर जेमतेम वीसेक, मग १२ हा आकडा डोळ्यात खुपणारच. पण लगेच पोस्ट टाकू नका, त्या १२ जणांची रँकपण बघा. मेजरच्या वर फक्त एक जण आहे, लेफ्टनंट कर्नल तारापोर, १९६५ मध्ये रणगाड्यांच्या लढाईत गेले ते. बाकीचे मेजर, कॅप्टन, लेफ्टनंट, एक फ्लाइंग ऑफिसर, म्हणजे पुढे राहून लढणारी पोरं. कारगिलची चार परमवीर चक्रं बघा, मनोज पांडे आणि विक्रम बत्रा ऑफिसर, योगेंद्र सिंग यादव ग्रेनेडियर आणि संजय कुमार रायफलमन. सरळ अर्धी अर्धी. २६/११ नंतर २००९ च्या अशोक चक्रातही जॉइंट कमिशनर करकरे आणि एएसआय तुकाराम ओंबळे, मेजर उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंग, सगळ्यांना एकच पदक. ओंबळे आणि करकरे पोलिसातले, पण पदक तेच.

सेवेच्या भागात हेच करून बघा. परम विशिष्ट सेवा पदकाच्या नावांपुढे लेफ्टनंट जनरल, व्हाइस अॅडमिरल, एअर मार्शल अशीच रांग लागते. नियमात हे पदक सगळ्या रँकसाठी खुलं आहे, आणि २०२२ ला सुभेदार नीरज चोप्राला मिळालंही, पण त्यासाठी ऑलिंपिकचं सोनं आणावं लागलं! कोत (हत्यारांची खोली) ३० वर्षं चोख सांभाळणाऱ्या हवालदाराला कोण देतंय? माझ्या मते भेदभावाची खरी जागा ही आहे. कारण साधं आहे, शिफारस वरचा माणूस त्याच्या नजरेसमोरच्या माणसाची करतो, आणि जनरलच्या नजरेसमोर जनरलच असतात. जवानाच्या नशिबी बहुतेक वेळा कमेंडेशन कार्ड, म्हणजे नुसतं शाबासकीचं पत्र.

तिसरं काम, सायटेशन वाचा, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा मजकूर. शौर्य पदकांची सायटेशन गॅलंट्री अवॉर्ड्सच्या सरकारी साइटवर मिळतात. एकाच ऑपरेशनमधल्या ऑफिसरचं आणि जवानाचं शेजारी शेजारी उघडून क्रियापदांवर खुणा करा. एकीकडे योजना आखली, नेतृत्व केलं आणि दुसरीकडे नुसतं "अतुलनीय धैर्य दाखवलं", पण गोळी कोणी झाडली, किती अंतरावरून, ते कुठेच नाही, असं दिसलं की समजा जवानाचा कागद घाईत बनलाय. चांगला कागद कसा असतो ते बघायचं तर नाईक यशवंत घाडगेंचा वाचा, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४, इटली, व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वात मोठं शौर्य पदक). मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनचे बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, ते एकटेच पुढे धावले, ग्रेनेडने गन आणि गनर उडवला, टॉमीगनने एकाला मारलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून मारलं, मग स्नायपरची गोळी लागली. स्तुती बाजूला ठेवा, काय केलं ते क्रमाने लिहिलंय, रँक झाकली तरी पदक तेच ठरतं. (ब्रिटिशांकडे तेव्हा ऑफिसरला मिलिटरी क्रॉस आणि साध्या शिपायाला मिलिटरी मेडल अशी जातच वेगळी होती, ती त्यांनी १९९३ ला मोडली. आपल्याकडे १९५० पासून शौर्य पदकं सगळ्यांना एकच.)

तुम्ही स्वतः सर्व्हिसमध्ये असाल, प्लाटून हवालदार किंवा नवीन लेफ्टनंट साहेब, तर मुख्य काम इथे आहे. सायटेशन जातं इंग्रजीत आणि जवान बोलतो तीन वाक्यं, "साब, फायर आया, मैं आगे गया, वो गिर गया." एवढंच टाईप झालं तर ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड, मग दिल्ली, एवढ्या टेबलांवर कुठेतरी ते गळणारच. म्हणून त्याच दिवशी, अंगावरची धूळ झटकायच्या आत, त्याला आणि त्याच्या बडीला (जोडीदार जवानाला) वेगवेगळं बसवून विचारा. लपायला आडोसा कुठला होता, अंतर किती, तो पुढे जाताना बाकीचे काय करत होते, आणि महत्त्वाचं म्हणजे आदेश होता की स्वतःहून गेला. तो स्वतःहून गेला असेल तर तसं स्पष्ट लिहा, नाहीतर त्याची सगळी करामत "कमांडरच्या आदेशानुसार" या दोन शब्दांत साहेबांच्या खात्यात जमा होते, हे मी टाईप करताना बघितलंय. साक्षीदार तिघे असतील तर तिघांचे शब्द वेगळे राहू द्या, एकाचंच स्टेटमेंट तीनदा छापलेलं वरच्याला लगेच कळतं.

घरच्यांसाठी एवढंच. शौर्य पदकाचा दरमहा भत्ता रँकवर अवलंबून नाही, २०१७ च्या आदेशात परमवीर चक्राला २०,००० रुपये, वीर चक्राला ७,०००, सेना मेडलला (फक्त शौर्यवालं) २,००० असं ठरलं, शिपाई असो की कर्नल. राज्य सरकारची रक्कम वेगळी, ती आपोआप येईल म्हणून बसू नका, गॅझेटची प्रत आणि डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि अर्ज दिल्यावर आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून उठू नका.