मोर्चा आपल्या गावावरून जाणार असेल तर काय करायचं

आमचं गाव शहापूर तालुक्यात, मुंबई-आग्रा हायवेला चिकटून. नाशिककडून मुंबईला निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा कसारा घाट उतरला की आमच्या दारातनंच जातो, आणि दर वेळी गावच्या ग्रुपवर तोच गोंधळ, कोण म्हणतो पाणी ठेवू, कोण म्हणतो शटर खाली घ्या, कोण म्हणतो ५०० रुपये रोजावर आणलेली माणसं आहेत ही. अरे ५०० रुपयांत कसारा घाट पायी उतरणारा माणूस दाखव मला, आपला पोरगा दूध आणायला पण गाडी काढतो. असो. दोन-तीन वेळा चुका करून जे शिकलो ते लिहितोय, हायवेवरच्या दुसऱ्या गावांना उपयोग होईल.

पहिलं म्हणजे मागण्या काय आहेत ते विचारा, फॉरवर्ड वाचून ठरवू नका. २०१८ चा किसान सभा या शेतकरी संघटनेचा लाँग मार्च आला तेव्हा आमच्याकडं निम्म्या लोकांना वाटलं नेहमीची कर्जमाफी असणार. प्रत्यक्षात त्यात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी ढिगानं होते, आणि त्यांचं मुख्य दुखणं होतं जमिनीचं. बापजाद्यांपासून कसतात पण सातबाऱ्यावर नाव नाही, कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क देणारा २००६ चा वनहक्क कायदा आहे, पण त्याखालचे दावे पडूनच. आता आमच्या तालुक्यात पण अशी घरं आहेत की. हे कळल्यावर आमच्या कट्ट्यावरचा आवाज निम्म्यानं खाली आला. ज्यांना पटलं नाही त्यांना नाही पटलं, ते पण ठीक, पाणी द्यायला मागण्या पटायलाच पाहिजेत असं कुठाय.

मग माणूस गाठायचा. मोर्च्याच्या पुढं एखादा टेम्पो किंवा गाडी असते, त्यात त्यांचे कार्यकर्ते असतात, आदल्या गावाला फोन लावून त्यांचा नंबर मिळवा आणि दोनच गोष्टी विचारा, किती वाजता येताय आणि थांबणार की नुसतं जाणार. यात लई फरक आहे. नुसता जाणारा मोर्चा म्हणजे पाणी आणि सावली, विषय संपला. थांबणारा मोर्चा म्हणजे संडास, लाईट, सरपण, सगळंच आलं. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून निघालेला मोर्चा आमच्याच तालुक्यातल्या वाशिंदला थांबला तो सरकारशी बोलणी होऊन मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन करेपर्यंत हललाच नाही, तेव्हा एका दिवसाच्या तयारीवर राहू नका. पोलीस पाटलांना आणि सरपंचांना आधीच सांगून ठेवा, नंतर “आम्हाला विचारलं नाही” चालू होतं. जमावबंदी लागू आहे का ते पोलीस पाटलांकडूनच कळेल. बाकी शांततेनं, हत्याराशिवाय जमायचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्येच आहे, त्यामुळं मोर्चा दिसला म्हणून लगेच ११२ फिरवायची गरज नाही.

आता पाणी, इथं आम्ही तोंडावर आपटलो होतो. टँकर आणला, नळ लावले, केवढं कौतुक आमचंच, आणि उभा केला कुठं तर हायवेच्या पलीकडच्या बाजूला, कारण तिकडं झाडाची सावली होती. मोर्चा अलीकडच्या लेनमधून. मधे डिव्हायडर, पलीकडनं ट्रेलर धडधडत येतायत आणि साठीची म्हातारी बाई रिकामी बाटली घेऊन डिव्हायडरवर चढतेय, ते बघून माझ्या पोटात गोळा आला. दोघं पोरं धावली, तिला खाली घेतलं, मग बादल्यांनी पाणी अलीकडं वाहिलं दोन तास. तर पाणी कायम मोर्चा चालतो त्याच बाजूला, आणि एकाच ठिकाणी नाही, दीडदोनशे पावलांवर एकेक पिंप, नाहीतर सगळे एका नळावर तुटून पडतात आणि मागची रांग रस्त्यावर येते.

खायला काय द्यायचं? आपल्याला वारीची सवय, दिंडी आली की शिरा-पोहे-लाडू काढायचे. इथं ते फार चालत नाही. आम्ही बिस्किटांचे बॉक्स आणि फरसाण वाटलं, उन्हात फरसाण खाऊन लोकांना अजून तहान. त्यांचा तांदूळ-डाळ बऱ्याचदा बरोबर असतो, तालुक्या-तालुक्याची वेगळी चूल असते, म्हणून विचारूनच द्या. मी एका दादांना विचारलं काय पाहिजे तर म्हणाले, “मीठ आन् थोडं खोबरेल तेल असलं तर बघा”. तेल पायांना. ताक, काकडी, केळी चालतात. चक्कर आलेल्याला सावलीत बसवून घरचं सलाईन, १ लिटर पाण्यात ६ छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, जास्त वाटलं तर १०८. पायाचे फोड फोडू नका, आमच्याकडं एक उत्साही कार्टं सुई घेऊन बसलं होतं, आशाताईंनी त्याला हाकललं. पाय धुवा, कोरडे करा, स्वच्छ कापड बांधा. आणि चपला! घरातल्या जुन्या पण धड असलेल्या चपला जोडी बांधून साईजप्रमाणे मांडा. नुसता ढीग टाकला की कोणी वाकून शोधत बसत नाही, पुढं निघून जातं. मुंबईत पण लोकांनी २०१८ ला चपला, पाणी, जेवण दिलंच की, डबेवाल्यांपर्यंत सगळे उतरले होते.

बायकांसाठी शाळेचे संडास उघडून द्या, हे कोणी मागत नाही, लाजतात, आपणच एका ताईला गेटवर उभं करायचं आणि आवाज द्यायला लावायचा.

फोटो काढताना विचारा. २०१८ ला सोललेल्या पायांचे फोटो देशभर फिरले, त्याचा फायदाही झाला हे खरं, पण म्हणून झोपलेल्या बाईच्या पायाजवळ मोबाईल नेऊन रील करायची म्हणजे हद्दच.

कुरकुर करणाऱ्यांशी कसं वागायचं, तर भांडायचं नाही. ज्याचा धंदा बुडतोय त्याचं ऐकून घ्या, त्याचा त्रास खराय. त्याची अडचण कार्यकर्त्याला नेऊन सांगा, गेट मोकळं ठेवा, ॲम्ब्युलन्सला आणि परीक्षेच्या पोरांना वाट द्या, एवढं तर मोर्चेवाले ऐकतातच. २०१८ च्या लाँग मार्चच्या वेळी दहावीचे पेपर चालू होते, पोरांना अडचण नको म्हणून हे लोक मुंबईत सायनच्या सोमय्या मैदानावर आराम न करता रात्रीच उठले आणि १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचले, नाशिकपासून १८० किलोमीटर चालून! ही एक गोष्ट मी ग्रुपवर टाकली की अर्धी तोंडं गप होतात.

दुधाचं मात्र वेगळं. जून २०१७ ला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, रस्त्यावर दूध ओतलं, आणि शेतकऱ्याच्याच घरात वाद झाले, माझ्या आईला ते अजून पटत नाही. त्याच महिन्यात ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली हेही ती मान्य करते, पण दूध ते दूध. आपल्या हद्दीत कोणी ओतायला लागलं तर कॅन धरून खेचाखेच नको, अंगणवाडीतली पोरं पुढं करा आणि म्हणा इथं वाटा, फोटो पण चांगला येतो. बहुतेक ऐकतात.

मोर्चा गेल्यावर लगेच पोती घेऊन निघा, कागदी ग्लास वाऱ्यानं शेतात जातात आणि मग ज्याचं शेत तो पुढच्या वेळी पाणी ठेवू देत नाही. उरलेल्या चपला परत घरी नेऊ नका, पोत्यात भरून ग्रामपंचायतीत ठेवा. २०१८ ला लेखी आश्वासन घेऊन ही माणसं रेल्वेनं घरी गेली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा नाशिकहून निघाली, कारण कागद तसाच होता. आमचं पोतं अजून आहे तिथं, यंदा दोन नंबर आणि तीन नंबर कमी पडतायत, बायकांचे.