ओपन सोर्स ओएसमध्ये काँट्रिब्यूट करायचंय? आधी प्रोजेक्ट नीट निवडा

सी ही प्रोग्रामिंगची भाषा बऱ्यापैकी येते, ऑपरेटिंग सिस्टीम आतून कशी चालते याचं वेड आहे, पण कुठल्या प्रोजेक्टला हात लावायचा इथेच गाडी अडते. मग बरेच जण थेट लिनक्स कर्नल (ओएसचा गाभा) क्लोन करतात, म्हणजे सगळा कोड उतरवून घेतात, तीन कोटींहून जास्त ओळींचा पसारा बघतात, दोन दिवस फोल्डर चाळतात आणि सोडून देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की नाव बघून प्रोजेक्ट निवडू नका, तिथे नव्या माणसाच्या पॅचला (पाठवलेल्या कोडमधल्या बदलाला) कुणी उत्तर देतं का ते बघून निवडा.

मला हे उशिरा कळलं. एका छोट्या ओएसच्या कीबोर्ड ड्रायव्हरमध्ये बग सापडला, तीन रात्री बसून फिक्स केला, पॅच पाठवला आणि चार महिने वाट बघत बसलो, कुणाचं साधं "बघतो" पण नाही. नंतर कमिट लॉग (कोडमध्ये कुणी काय बदललं त्याची नोंद) उघडला तर वर्षभर एकच माणूस कमिट करत होता, बाहेरच्या कुणाचा एकही पॅच घेतलेला नव्हता. आधी पाच मिनिटं लॉग बघितला असता तर त्या तीन रात्री दुसरीकडे लागल्या असत्या.

म्हणून आता मी पहिलं काम हेच करतो. शेवटचे वीसेक मर्ज झालेले, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतलेले पॅच उघडायचे, त्यातले पहिल्यांदाच आलेल्या लोकांचे किती ते बघायचं, पहिला रिप्लाय किती दिवसांनी आला ते बघायचं, आणि मुख्य म्हणजे चुकलेल्या पॅचवर मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे लोक) कसं बोलतात ते वाचायचं. "ही ओळ अशी का लिहिली?" असं विचारून पुढे समजावून सांगणारा मेंटेनर दिसला की समजा जागा चांगली आहे. गिटहबवर स्टार किती आहेत त्यावरून यातलं काहीच कळत नाही.

दुसरी टेस्ट बिल्डची, म्हणजे सोर्स कोडमधून चालणारी ओएस तयार करण्याची. सोर्स आणा, बिल्ड करा, क्यूइम्यूमध्ये (लॅपटॉपवरच आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बूट करा आणि बूट होताना जो मेसेज येतो त्यातला एक शब्द बदलून परत बूट करा. तुमचा शब्द स्क्रीनवर दिसला की अर्धी भीती तिथेच जाते, खरंच. हे आधी कधी केलंच नसेल तर एमआयटीच्या एक्सव्हीसिक्सवर करून बघा, ते शिकवण्यासाठी बनवलंय, कर्नल दहा हजार ओळींच्या आत आहे, आणि मेन डॉट सीमध्ये "कर्नल इज बूटिंग" छापणारा प्रिंटएफ सहज सापडतो. मोठ्या प्रोजेक्टचा पहिला बिल्ड मात्र वेळ खातो, सेरेनिटीओएस तर आधी स्वतःची टूलचेन (कंपायलर वगैरे साधनं) बिल्ड करतं, तेव्हा लॅपटॉप जुना असेल तर घाई करू नका.

आता भाषा आणि आवड. सी++ येत असेल तर हायकू बघा, २००१ पासून बीओएस या जुन्या ओएसचा वारसा चालवतायत, रिव्ह्यू गेरिट नावाच्या टूलवर होतो आणि सोपी तिकिटं वेगळी मार्क केलेली असतात. रस्ट शिकताय तर रेडॉक्स, २०१५ ला सुरू झालेलं, मायक्रोकर्नल (मुद्दाम छोटा ठेवलेला कर्नल) आहे, ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालतात त्यामुळे ड्रायव्हरवर प्रयोग करायला मजा येते. छोट्या बोर्डवर काम आवडत असेल तर झेफिर, ती अशाच छोट्या डिव्हाइससाठीची ओएस आहे. रिअ‍ॅक्टओएसला (विंडोजचे प्रोग्राम चालवू पाहणारी ओपन सोर्स ओएस) जायचं असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, विंडोजचा लीक झालेला सोर्स ज्याने बघितलाय त्याचा कोड ते घेत नाहीत, आणि तो नियम ते मनापासून पाळतात. कोड लिहायचा आत्मविश्वास अजून नाही? ओपनबीएसडीमध्ये मॅन पेजमधली (कमांडच्या माहितीच्या पानातली) चूक हा बगच समजतात, तिथला नेमका डॉक्युमेंटेशन पॅच पण मनापासून वाचला जातो. डेबियनमध्ये पॅकेजिंगचं, म्हणजे सॉफ्टवेअर सहज इन्स्टॉल होईल असं बांधायचं काम आहे, बगवर "न्यूकमर" असा टॅग पण असतो.

आणि लिनक्सच करायचंय? करा, पण तिथली पद्धत आधी शिकून घ्या. पॅच ईमेलने जातात, तेही साध्या टेक्स्टमध्ये, एचटीएमएलमधला मेल तिथली मेलिंग लिस्ट घेतच नाही. कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते, पाठवण्याआधी चेकपॅच (पॅच नियमांप्रमाणे आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) चालवायचं, आणि खाली साइन्ड-ऑफ-बायची ओळ, म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे असं सांगणारी सही, हवीच. ड्रायव्हर्सच्या आत स्टेजिंग फोल्डर आहे, अजून पुरते तयार नसलेल्या ड्रायव्हरसाठी, तिथल्या ड्रायव्हरबरोबर टूडू फाइल असते, त्यात काय बाकी आहे ते लिहिलेलं असतं, सुरुवात तिथून करा. वेळ पण बघा, नवीन रिलीज झालं की पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे पुढच्या रिलीजसाठी बदल आत घ्यायचा काळ, तेव्हा मेंटेनर आधीच बुडालेले असतात, त्या दिवसांत पाठवलेल्या पॅचला उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, विंडो बंद झाली की परत पाठवा.

लायसन्स पण एकदा बघून ठेवा. लिनक्स जीपीएल व्हर्जन २ वर आहे, त्यात बदललेला कोड दुसऱ्याला दिला तर सोर्सही द्यावा लागतो, आणि फ्रीबीएसडी बीएसडी लायसन्सवर, तिथे तशी अट नाही, म्हणजे फ्रीबीएसडीत टाकलेला तुमचा कोड कुणीही बंद प्रॉडक्टमध्ये वापरू शकतं. काहींना ते चालतं, काहींना नाही, तुम्हाला चालतं का ते पॅच पाठवायच्या आधी ठरवा. नोकरी करत असाल तर कंपनीचा करार पण वाचा, फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवर हक्क सांगणारं कलम काही करारांत असतं.