जुनी आरएक्स १००, पन्हाळ्याचा उतार आणि उद्यमनगरची लेथ
भावा, जुनी आरएक्स १०० घेऊन पन्हाळ्याला जायचं म्हणतोस तर ऐक. यामाहाची ही टू-स्ट्रोक बाईक बंद झाली १९९६ ला, म्हणजे तुझी गाडी किती जुनी ते तूच मोज. पन्हाळ्यावरनं उतरताना ड्रम ब्रेक दाबूनच धरू नको, तापले की धरत नाहीत, आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग असून नसल्यागत, म्हणून खालच्या गिअरला हळू यायचं आणि मधनंमधनं जरा रेस द्यायची, कारण थ्रॉटल बंद असला की ऑइल कमी जातं नि पिस्टन जाम होतो. माझा झालाय एकदा, क्लच दाबला म्हणून वाचलो. टायर कधी बनला त्या आठवडा-वर्षाचे चार आकडे टायरवर असतात, तेबी बघ. केबल, ब्रेक शू नवीनच घे. बोअरिंग-बुशिंगला (भोक कातून मापात आणणं, नवीन बुश बसवणं) कोल्हापूरचं उद्यमनगर, तिथं लेथवर करून मिळतंय, फक्त जुना पार्ट मापाला सोबत ने, फोटो दाखवून काय होत नाही.