डक्टेबल एसीची रिटर्न जाळी कुठे असावी?

घोडबंदर रोडवर नाहीतर खारघरला नवा फ्लॅट घेतलात आणि फॉल्स सीलिंगमध्ये डक्टेबल एसी, म्हणजे एकाच मशीनमधून छतातल्या डक्टमधून (हवेच्या नळ्यांतून) खोल्यांना गारवा देणारा एसी, बसवताय? गार हवा कुठून येणार हे सगळेच विचारतात, ती परत कुठून जाणार हे कोणी विचारत नाही. रिटर्नची जाळी, म्हणजे खोलीतली हवा मशीनमध्ये परत ओढणारी जाळी, गार हवेच्या जाळीला अगदी खेटून नको. गारवा खोलीत न फिरता तसाच मशीनमध्ये परत जातो आणि तापमान मोजणारा थर्मोस्टॅट फसतो. स्वयंपाकघर आणि बाथरूमपासूनही ती लांब ठेवा, नाहीतर बांगड्याच्या कालवणाचा वास थेट बेडरूममध्ये! हॉल किंवा पॅसेज उत्तम. आपल्याकडे काम थंडाव्याचंच, आणि गरम हवा वर चढते, त्यामुळे जाळी छतात चालते.

खरी गोम बेडरूमची. दार लावलं की आत आलेल्या हवेला परत जायला वाटच उरत नाही, मग खोली नीट गार होत नाही. प्रत्येक बेडरूमला वेगळा रिटर्न द्या. तेवढं बजेट नसेल तर दाराखाली 20-25 मिलिमीटर फट तरी ठेवाच. सुतार कुरकुरेल, ऐकू नका. जाळी लहान घेतली तर ती शिट्टीसारखी वाजते. आणि जाळीमागचा फिल्टर स्टुलावर चढून हाताने निघेल, अशीच जागा निवडा.