रब्बी ज्वारीच्या पेरणीपूर्वी भारी जमिनीतील वापसा ओळखण्याबाबत सल्ला

सोलापूर, अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या भागांतील कोरडवाहू ज्वारी मुख्यतः उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या पावसावर येते. पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ शिफारशीत असला, तरी त्या महिनाभरात खोल काळ्या जमिनीत औत घालण्याजोगे दिवस प्रत्यक्षात फार थोडे मिळतात. पाऊस उघडल्यावर काही दिवस माती फाळाला चिकटते आणि त्यानंतर ऊन लागले की तीच माती दगडासारखी ढेकळे धरते. या दोन अवस्थांमधला वापसा अचूक ओळखणे हे आमच्या मते वाणाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ४० ते ६० टक्के असते आणि तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातील खनिज मुख्य असल्यामुळे ती पाणी मिळताच फुगते व सुकताना आकसते. जोराच्या पावसानंतर मातीतील लहानमोठी सर्व छिद्रे पाण्याने भरतात. मोठ्या छिद्रांतील पाणी खाली निचरून त्यांत हवा शिरते, मात्र बारीक छिद्रांतील पाणी कणांना धरून राहते, आणि हवा व पाणी यांचा असा मेळ बसला म्हणजे वापसा आला असे आपण म्हणतो. हलक्या जमिनीत तो एक-दोन दिवसांत येतो; भारी जमिनीत चार-पाच दिवस, ढगाळ हवेत त्याहूनही अधिक लागतात. भारी जमिनीतले सगळेच पाणी पिकाच्या कामी येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पीक कायमचे सुकून गेल्यावरही या मातीत बरेच पाणी कणांनी घट्ट धरून ठेवलेले असते, त्यामुळे हाताला ओलसर लागणारी माती बियाण्याच्या दृष्टीने कोरडी असू शकते.

वरची माती पाहून वापसा ठरवू नये, कारण पृष्ठभाग पांढुरका दिसत असताना वीतभर खाली चिखल असतो. शेतात चार-पाच ठिकाणी, त्यातही सखल भागात आवर्जून, १० ते १५ सेंटिमीटर खोलीवरची मूठभर माती घ्यावी. ती दाबून गोळा करावा आणि छातीच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटून भुसभुशीत झाला तर वापसा आहे, नुसता चपटा झाला तर थांबावे, आणि मुळात गोळाच होत नसेल तर वेळ निघून गेली आहे. शंका राहिल्यास तीच माती तळव्यांत वळून पाहावी. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, म्हणजे बारीक दोरीएवढी वळी न तुटता निघत असेल, तर मातीला अजून आकार घेण्याइतके पाणी आहे आणि तिच्यात कोणतेही अवजार घालू नये. स्वीडनमधील आल्बर्ट आटरबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मातीच्या अवस्था ठरवण्यासाठी मांडलेल्या कसोट्यांतूनच ही कसोटी आली आहे. तिला हाताखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी आणि वापसा एकाच दिवशी येत नाहीत, ही अनेकांची खरी अडचण आहे. तरीही ओल्या रानात ट्रॅक्टर घालण्यापेक्षा पाळी दुसऱ्याला देऊन दोन दिवस थांबणे हिताचे आहे. ओल्या मातीवर चाक फिरले की हवा खेळवणारी आणि पाणी मुरवणारी मोठी छिद्रेच सर्वप्रथम मिटतात, आणि हे नुकसान बहुतांशी पहिल्याच फेरीत होते. टायर रुंद असले तर वरच्या थरावरचा ताण कमी होतो, मात्र खोलवर जाणारा ताण मुख्यतः अ‍ॅक्सलवरील एकूण वजनावर अवलंबून असतो. म्हणून भरलेली ट्रॉली रानात नेऊ नये आणि येण्याजाण्याची चाकोरी एकच ठेवावी. ओल्या मातीत रोटाव्हेटर चालवणे तर कटाक्षाने टाळावे, कारण त्याची पाती खालचा थर लिंपल्यासारखा गुळगुळीत करतात.

वापसा मिळताच पेरणी लांबवू नये. दोन चाड्यांच्या पाभरीने बी व खत एकाच वेळी पेरावे, ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर राखावे आणि बी सुमारे ५ सेंटिमीटर खोल, ओलीवर पडेल असे पाहावे. मागोमाग हलकी फळी फिरवल्यास बियाण्याला माती बिलगते आणि ओल बियाण्यापर्यंत पोहोचते.

पुढे ओल टिकवण्याचे काम कोळपणीने, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवण्याने होते. ‘एक कोळपणी अर्धे पाणी’ असे जुने लोक म्हणतात. भुसभुशीत केलेल्या वरच्या थराचा खालच्या ओलीशी संबंध तुटतो आणि बारीक छिद्रांतून वर चढणारे पाणी पृष्ठभागापर्यंत येत नाही. पीक तीन आठवड्यांचे असताना फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने काम करावे. तिसरी कोळपणी अनेक जण सोडून देतात, पण भेगा वाढतात त्या याच सुमारास. हातभर खोल गेलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंनी ओल उडत असते, आणि दातेरी कोळपे माती उकरून ती भेग बुजवते. संरक्षित पाणी, म्हणजे कोरडवाहू पीक तगवण्यापुरते एखादे पाणी, देणे शक्य असल्यास तेही भेगा रुंदावण्याआधी, पीक पोटरीत येण्याच्या (कणीस पानाच्या आवरणात असण्याच्या) सुमारास म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. रुंद भेगांतून पाणी सरळ खाली जाते आणि सरीच्या टोकापर्यंत पोहोचत नाही.

रान ओले असताना आणखी एक तपासणी उरकून घ्यावी. बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई एकसारख्या जोराने जमिनीत दाबावी. ती १५ ते २५ सेंटिमीटरवर अडून, तेवढा थर ओलांडल्यावर पुन्हा सहज जात असेल, तर नांगराच्या तळाशी कठीण थर बसला आहे असे समजावे. त्यावर सबसॉयलर, म्हणजे खालचा कठीण थर फोडणारे ट्रॅक्टरचे अवजार, हा उपाय आहे, पण तो आता चालवू नये, कारण ओल्या मातीत तो थर न फोडता नुसती चीर पाडून जातो. अडलेल्या जागा व खोली वहीत लिहून ठेवाव्यात आणि ज्वारी निघाल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत जमीन खोलवर सुकलेली असताना, त्या जागांपासून कामास सुरुवात करावी.