बुडालेल्या मच्छीमार बोटीचं इंजिन कसं वाचवायचं

क्रेनने बोट वर येतेय आणि इंजिन धड दिसतंय म्हणून ते लगेच पाण्याबाहेर काढायची घाई करू नका. पाण्याखाली जेवढं गंजलं नसेल तेवढं ते हवा लागल्यावर काही तासांत गंजतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की सिलिंडरला लगेच तांबेरा चढतो. मेकॅनिक, हत्यारं, ऑइल, डिझेल, गोडं पाणी हे सगळं आधी जमवा. मेकॅनिक उद्या येणार असेल तर तोवर इंजिन गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलेलं बरं. विमा असेल तर इंजिन नंबरसकट फोटो काढा, कंपनीला लेखी कळवा, पण त्यासाठी धुणं अडवून ठेवू नका.

सगळ्यात आधी बॅटरीच्या वायरी सोडवा. खारं पाणी शिरलेल्या बॅटरीतून क्लोरीन वायू निघू शकतो, त्यामुळे मशीनरूम उघडी ठेवून वारा खेळू द्या.

आता मुख्य गोष्ट: सेल्फ मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. पिस्टनवर पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, पहारीने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवा, पाणी भोकांतून उडून जातं. मध्येच अडलं तर जोर लावू नका, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडा. बोट बुडताना इंजिन चालू असेल तर रॉड तेव्हाच वाकलेला असू शकतो. वरच्या टोकाला एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहिला, तर समजून जा.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट सोडला की आधी पाणी येतं, मग ऑइल. आतून-बाहेरून गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. गिअरबॉक्सही विसरू नका, तो हमखास राहून जातो. मग डिझेलने खंगाळा, म्हणजे उरलेलं पाणी निघतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल टाकून पुन्हा हाताने फिरवा. नवा ऑइल फिल्टर लावा आणि खुणेपर्यंत स्वस्तातलं ऑइल भरा, कारण हे लवकरच काढायचं आहे. डिझेल टाकी रिकामी करून पुसा, फिल्टर बदला. इंजेक्शन पंप स्वतः उघडू नका. डिझेलमध्ये बुडवूनच पंपवाल्याकडे न्या. स्टार्टर आणि अल्टरनेटर गोड्या पाण्याने धुवून, नीट वाळवून वाइंडिंगवाल्याला दाखवा.

सगळं जोडून डिझेलच्या लाइनमधली एअर काढली की इंजिन 15-20 मिनिटं हळू चालवा आणि ऑइल गरम असतानाच काढा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर अजून पाणी आहे. फिल्टरसकट पुन्हा बदला. बहुतेक वेळा दोन-तीन बदल लागतात.

वायरिंगवर मात्र पैसे वाचवू नका. वायरीचं टोक सोलून बघा: तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या दिसल्या तर खारं पाणी तारांमधून आत चढलंय. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. वीतभर कापूनही लागलं नाही, तर ती वायर पूर्ण बदला.