खान्देशातून शिडाच्या बोटीवर: मुंबई बंदरातल्या बेटांमधला पहिला दिवस

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या मुलामुलींना शिडाची बोट शिकायची असेल तर पहिला दिवस बहुधा मुंबईतच काढावा लागतो. जळगावहून रात्रीची गाडी, सव्वाचारशे किलोमीटर, सकाळी सीएसएमटी, तिथून पायी अर्ध्या तासावर गेटवे. एवढा खटाटोप करायचा म्हणून लोक रविवार बघून तारीख ठरवतात आणि पहिली चूक तिथेच होते. तारीख ठरवायची ती कॅलेंडरवरची तिथी बघून.

किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे तेच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि दुसऱ्या दिवशी सगळं जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकतं. हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्याआधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच. पण तारीख पक्की करायला आणि तिकीट काढायला हा पाढा पुरतो.

याचा उपयोग काय? गेटवेपासून घारापुरी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे ५.४ सागरी मैल. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. तासाला एक मैल म्हणजे एक नॉट. बोट ४ नॉटने चालली तर सरळ रेषेत एक तास वीस मिनिटं लागतात. पाणी २ नॉटने सोबत वाहत असेल तर ५४ मिनिटं, आणि तेच पाणी समोरून आलं तर दोन तास चाळीस मिनिटं. बोट तीच, वारा तोच. भरतीचं पाणी बंदरात आत, ईशान्येकडे शिरतं आणि ओहोटीचं बाहेर पडतं. म्हणून प्रतिपदा-द्वितीयेचा दिवस नवख्यांना सोयीचा: सकाळी साडेआठला निघालं की भरती सोबत नेते, दीड-दोनला परत फिरलं की ओहोटी आणून सोडते. मात्र हे उधाणाचे दिवस. पाणी जोरात असतं. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाला, पाणी मवाळ असतं पण वेळा उलट्या पडतात.

पाणी सारख्या वेगानं चढत नाही, हेही लक्षात ठेवा. सहा तासांचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या आणि चौथ्या तासात मीटर-मीटर पाणी चढतं. बोट चिखलात रुतते तेव्हा हा आकडा कामाला येतो. तो मुद्दा पुढे आहेच.

मोसम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात शिडाच्या बोटी बाहेर काढून ठेवतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. शाळेच्या भूगोलात आपण हे दोन्ही पाठ केलेले असतात, इथे ते गालावर लागतात. दोघांच्या मध्ये, दहा-अकराच्या सुमाराला, वारा बऱ्याचदा पडतो आणि शीड नुसतं लोंबतं. तेव्हा छोटं इंजिन लावायचं किंवा निवांत बसायचं. कुणाचं काही चुकलेलं नसतं.

खान्देशात समुद्र नाही म्हणून तयारी अडत नाही. वारा ओळखायला मेहरूण किंवा नकाणे तलावाचा काठ पुरेसा आहे. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि मान हळूहळू फिरवा. दोन्ही कानांत सारखाच आवाज आला की नाकासमोर वारा. मग पाण्याकडे बघा. गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकत येताना दिसला की तो झोत आहे. तो काठाला पोचायला किती सेकंद लागतात ते मोजा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्यांची तोंडं बघा, त्या वाऱ्याला सामोऱ्या वळलेल्या असतात. शिडाच्या बोटीला नेमकं तेच तोंड वर्ज्य. वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५-४५ अंशांच्या आत ती चालत नाही, म्हणून वाऱ्याच्या दिशेनं जायचं तर नागमोडी जावं लागतं आणि अंतर जवळपास १.४ पट होतं.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ८ नॉटचा १६ झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मे-जूनच्या वादळात तासाभरात बाग आडवी होताना त्यांनी बघितलेली असते. म्हणून शीड कमी करायचं, म्हणजे रीफ घ्यायचं, ते ‘घ्यावं का?’ असा विचार मनात आला त्याच क्षणी.

गाठी दोनच पुरेत: बोलाइन, म्हणजे न सरकणारा फास, आणि आठाची गाठ. १० मिलिमीटरचा दोन मीटर दोर घ्या आणि डोळे मिटून दहा सेकंदांत बोलाइन बसेपर्यंत रोज बांधा. कापसाच्या गाडीवर दोर आवळणाऱ्याचा हात बघितला असेल तर दोराला ताण कसा द्यायचा ते निम्मं कळलेलं आहे. पोहण्याचं मात्र नीट तपासा. विहिरीत शिकलेल्याला दोन हातांवर भिंत असण्याची सवय असते. अंगावर पूर्ण कपडे घालून ५० मीटर पोहता आलं पाहिजे आणि कशालाही न धरता दहा मिनिटं तरंगता आलं पाहिजे. तरीही लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगातच हवं, पट्टे आवळून. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली. अशा वेळी फळीखाली ठेवलेलं जॅकेट काढून घालायला उसंत मिळत नाही.

आदल्या रात्री शेवभाजी नको. तेल-तिखट आणि अर्धवट झोप या जोडीनं बोट लवकर लागते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी. मळमळ झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. बोट लागली तर क्षितिजाकडे बघत बसा, शक्यतो सुकाणू हातात मागा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. सोबत दादर ज्वारीची भाकरी, कोरडी चटणी, केळी. परदेशी खलाशांमध्ये केळं बोटीवर अपशकुनी मानतात. आपली केळी खुशाल न्या, फक्त साल डेकवर पडू देऊ नका. माणशी तीन लिटर पाणी. भुसावळच्या ४५ अंशांत वाढलेलेही इथे फसतात, कारण वाऱ्यानं ऊन जाणवत नाही आणि पाण्यावरून परतणारा उजेड हनुवटीखालूनही भाजतो. टोपीला आणि चष्म्याला दोरी, पायात डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट, ट्रॉली बॅगेऐवजी मऊ पिशवी. आणि एक गोष्ट आधीच विचारून घ्या: लहान बोटीवर शौचालय नसतं. मुलींनी तर हे नक्की विचारावं, संकोच नको.

मुंबईत शिकताना बऱ्याचदा जे-२४ जातीची बोट मिळते. लांबी २४ फूट, वजन सुमारे १,४०० किलो, पाण्याखाली ४ फूट. खाली पात्यासारखा जड कील असतो, त्यात सुमारे ४३० किलो भार. बोट कलली की तो तिला परत उभी करतो. पाच जण वाऱ्याच्या बाजूला कडेवर बसले की सव्वातीनशे किलो आणखी मिळतात, म्हणजे तुमचं बसणंसुद्धा काम आहे. डोलकाठीमागचं मोठं शीड मेनसेल, पुढचं जिब. शीड वर चढवणारा दोर हॅलियार्ड, शीड ओढून धरणारा दोर शीट. ‘शीट सोड’ म्हटल्यावर नवखा माणूस शिडाकडे बघत राहतो. शीट म्हणजे दोर, एवढं घोकून जा.

विंचवर, म्हणजे दोर आवळायच्या फिरत्या ढोलावर, हाताची बोटं सगळ्यात जास्त चिरडतात, म्हणून जरा सविस्तर. दोर नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायचा. शीट सैल असताना दोनच वेढे, हातानं भराभर ओढा. ताण आला की तिसरा-चौथा वेढा आणि मग हँडल. सुरुवातीलाच चार वेढे घातले तर एक दुसऱ्यावर चढतो आणि ताणाखाली असा करकचून बसतो की सुटत नाही. दोर मुठीत धरताना करंगळी विंचकडे, अंगठा तुमच्याकडे. उलटं धरलं आणि दोर सरकला तर आधी अंगठा आत जातो. ढील देताना डावा तळवा वेढ्यांवर सपाट दाबायचा आणि उजव्या हातानं इंच-इंच सोडायचं. पूर्ण सोडायचं असेल तर दोर सरळ वर उचलायचा, वेढे आपसूक निघतात.

टॅक घेणं म्हणजे पुढचं टोक, ज्याला नाळ म्हणतात, वाऱ्यातून पलीकडे नेणं. सुकाणूवरचा विचारतो, ‘रेडी?’ जिबच्या दोन्ही शीटवरच्यांनी आपलं बघून मगच ‘रेडी’ म्हणायचं. गुंता असेल तर ‘थांबा’ म्हणायला लाजू नका. ‘टॅकिंग’ ऐकलं की लगेच शीट सोडायची नाही. जिब फडफडायला लागली की सोडायची. आधी सोडली तर बोटीचा वेग मरतो आणि ती वाऱ्यासमोर तोंड करून अडकते. उशीर झाला तर जिब उलटी भरते आणि बोट भलतीकडे ढकलते. या सगळ्यात डोकं खाली. शिडाखालचा आडवा दांडा, बूम, कपाळाच्या उंचीवरून जातो. जाइबमध्ये, म्हणजे वारा पाठीमागून असताना वळताना, तो एका झटक्यात इकडून तिकडे येतो. वारा पाठीमागून असेल तेव्हा उभं राहू नका.

बंदरात मोठी जहाजं ठरलेल्या मार्गानं जातात आणि त्यांना वळायला जागा नसते. शिडाच्या बोटीनंच बाजूला राहायचं. जहाज दिसलं की ते डोलकाठीच्या कोणत्या तारेच्या रेषेत आहे ते बघा. दोन मिनिटांनी त्याच रेषेत, पण मोठं दिसत असेल तर टक्कर ठरलेली आहे, तेव्हाच स्किपरला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, सांगा. जवाहर द्वीपावर तेलाचा धक्का आहे आणि मिडल ग्राउंड हे बेट नौदलाकडे. दोन्हींपासून लांब राहायचं, फोटो काढायचे नाहीत. कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये दोन-तीन ओळीत दिसले तर त्यांच्या मधून बोट घालायची नाही. सुकाणूत जाळं अडकलं तर बोट ताब्यात राहत नाही आणि कोळ्याचं नुकसान होतं ते वेगळं. नाळेवर एक माणूस याच कामासाठी बसवावा.

घारापुरीजवळ पाणी उथळ आणि तळ चिखलाचा. नवख्यांच्या दिवसात बहुतेकदा उतरणं नसतं, नांगर टाकून बोटीवरच जेवण होतं. लेणी बघायचीच असतील तर सोमवार टाळा, बंद असतात. नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या पाचपट सोडायचा: आता तीन मीटर पाणी असेल आणि आणखी दोन चढायचं असेल तर पंचवीस मीटर. तीनच्या हिशोबानं पंधरा सोडले तर जेवण होईतो नांगर उचकटलेला असतो. बोट रुतली आणि भरती असेल तर थांबा, पाणी उचलून देईल. ओहोटीत मधल्या तासांत पाच मिनिटांत आठ सेंटिमीटर पाणी उतरतं, तेव्हा चर्चा नको. सगळे एका कडेला जाऊन बोट कलवा, कील वर येतो, आणि आलात त्याच वाटेनं मागे फिरा.

कुणी पाण्यात पडलं तर ओरडा, तरंगतं काहीतरी फेका, आणि एकानं फक्त त्याच्याकडे हात रोखून धरायचा. दोर ओढायला, मदतीला, कशालाही त्यानं नजर हलवायची नाही. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं आणि एकदा नजर हुकली की सापडत नाही. रेडिओवर चॅनेल १६, फोनवर तटरक्षक दलाचा १५५४.

पहिल्याच दिवशी खांदेरी बेटाचा हट्ट नको. ते उघड्या समुद्रात, अलिबागजवळच्या थळच्या समोर, खांदेरी-उंदेरीच्या आसपास खडक आहेत आणि स्थानिक माहितीचा स्किपर लागतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत जाच. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं खोळंबत आणि मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांवर निसटून रसद पोचवत. पडलेल्या वाऱ्यात तासभर बसलेल्या माणसाला हा इतिहास वेगळाच कळतो.

पुढे यात काम करायचं असेल तर आधी एक गैरसमज काढा: यॉटिंग म्हणजे मर्चंट नेव्ही नव्हे. नोकरीची हमी देऊन पैसे मागणाऱ्या एजंटांपासून दूर राहा. शर्यतींचा रस्ता यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी जोडलेल्या क्लबांमधून जातो, सुरुवात डिंगीपासून, म्हणजे एक-दोन जणांच्या छोट्या उघड्या बोटीपासून. ऑप्टिमिस्ट ही डिंगी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची, मोठ्यांसाठी आयएलसीए. क्रू म्हणून काम हवं असेल तर ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा (आरवायए) काँपिटंट क्रू हा पाच दिवसांचा कोर्स, मग डे स्किपर. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि पॉवरबोट चालवण्याचे कोर्स होतात. आमच्या मते खान्देशातल्या मुलाला सगळ्यात जवळचा दरवाजा आयटीआयचा आहे. डिझेल मेकॅनिक, फायबरग्लासचं काम किंवा वायरिंग येणारा माणूस बोटीवर कायम हवा असतो, आणि शीड तो तिथे राहूनही शिकतो.

धक्क्यावर परतल्यावर शिडं घडी करून बांधणं, विंच-दोर गोड्या पाण्यानं धुणं, डेक घासणं यात पाऊण तास जातो. ते टाळून गाडीच्या नावानं पळणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावत नाहीत, म्हणून परतीचं तिकीट रात्री नऊनंतरचंच काढा. आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, बोट, तास, सागरी मैल, वाऱ्याचा वेग नि दिशा, भरतीची वेळ, तुम्ही केलेलं काम. खाली स्किपरची सही, तिथेच, धक्क्यावर.